मुंगीचा डावा डोळा

१२ जून

धाकट्या,

अक्षर ओळखून पाकीट तसंच फाडायला निघाला असशील तर थांब. आई ठणठणीत आहे, मीही आहे, कुणी गेलेलं नाही. नऊ वर्षांनी लिहितेय ते एका कामासाठी, आणि काम झाल्याशिवाय मी हटत नाही हे तुला कुणी सांगायला नको.

आईने मला सांगितलं. तू तिला शपथ घातली होतीस म्हणे, की ताईला यातलं काही कळता कामा नये. बिचारी दोन महिने मूग गिळून बसली होती. काल कपड्यांच्या घड्या घालता घालता तिला एकदम रडू फुटलं. तुझ्या मुंगीच्या डाव्या डोळ्यात गाठ निघाली, डोळा काढावा लागला, पोर वाचली. एवढं बोलली आणि पुन्हा घड्या घालायला लागली. तिला रागावू नकोस, ऐंशीच्या बाईला इतकं जड गुपित पेलत नाही.

तुझ्या मुलीला मी पाहिलेलं नाही. साडेतीन वर्षांची भाची आणि आत्याला तिचा आवाजही माहीत नाही, यात चूक कोणाची यावर आज भांडत नाही. आईने फोनमधला फोटो दाखवला. मुंगी पायरीवर बसलीय आणि डावा तळहात डोळ्यावर दाबून धरलाय. तिकडे तिला तयार डोळा बसवलाय म्हणे, पण तो एका जागी खिळल्यासारखा दिसतो, रंगही उजव्याशी जुळत नाही, बालवाडीतली मुलं टकामका बघतात. म्हणून ती हात काढतच नाही. एका हाताने जेवते, एका हाताने खेळते.

आता माझं ऐक. पाट्यांचं दुकान बंद झाल्यापासून मी मिळेल ते रंगवते. कुंपणं, नंबरप्लेटी, शाळेच्या भिंतीवरचे पाढे. तीन वर्षांपूर्वी इथल्या मोठ्या दवाखान्यात बाण रंगवायचं काम होतं. रक्त तपासणी उजवीकडे, औषधं सरळ पुढे. तळमजल्याच्या टोकाला एका दाराशी शिडी लावली होती आणि आत एक माणूस खिडकीत बसून काहीतरी बारीक करत होता. डोकावले तर त्याच्या चिमट्यात डोळा. मी शिडीवरून पडायचीच राहिले. ज्यांचा डोळा गेलाय त्यांच्यासाठी हा माणूस डोळे करतो, एकेक, ज्याचा त्याला, शाबूत डोळ्याकडे बघून हाताने रंगवतो. दवाखान्यात सगळे त्याला मास्तर म्हणतात.

आज सकाळी मी मास्तरांकडे गेले आणि म्हटलं, मला शिकवा. त्यांनी वय विचारलं. चोपन्न सांगितलं. माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहेत, हसतील असं वाटलं होतं. ते नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, उद्यापासून या, झाडू कोपऱ्यात आहे.

मुंगीचा डोळा मी करणार आहे. तू हो म्हण, नाही म्हण, ते नंतर बघू. शिकायला तुझी परवानगी लागत नाही.

ताई


३० ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी उगाच गॅलरीत कपडे वाळत घालायला जाते, आणि तुझे भावजी विचारतात, तेच कपडे पुन्हा का?

दीड महिना मी झाडू मारला, बरण्या पुसल्या आणि रंग घोटले. तीस वर्षं पाट्या रंगवलेली बाई मी, एका वेलांटीवरून माझा हात ओळखायचे लोक, आणि इथे मला ब्रशला हात लावू देईनात. अंगाचा तिळपापड व्हायचा. मग एक दिवस मास्तर म्हणाले, आज घरी जा, कुणाच्या तरी एका डोळ्याकडे अर्धा तास बघा आणि काय दिसलं ते उद्या सांगा.

घरी कोण, तर भावजी. त्यांना खिडकीपाशी खुर्चीत बसवलं आणि समोर स्टुलावर मी. पाच मिनिटं झाली तसे ते चुळबुळायला लागले. दहा मिनिटांनी म्हणाले, "काय कळलंय तुला? सरळ विचार ना." आयुष्यभर बस चालवली, आरशातून पन्नास माणसांवर लक्ष ठेवलं, पण बायको अर्धा तास डोळ्यात बघते म्हटल्यावर बिचाऱ्याला घाम फुटला. काहीतरी कबूल करायच्या बेतात होते, मीच गप्प बसवलं.

धाकट्या, काय सांगू तुला. मला वाटत होतं त्यांचे डोळे काळे आहेत. काळे कुठले? बाहुलीला लागून मधाच्या रंगाचं कडं, त्याबाहेर तपकिरी, आणि त्या तपकिरीत हजारो धागे, एकही सरळ नाही, एकही दुसऱ्यासारखा नाही. अगदी कडेला राखाडी निळी रेघ, इतकी पुसट की बघता बघता हरवते. आणि डाव्या डोळ्यात, वरच्या बाजूला, एक पिवळा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा. अठ्ठावीस वर्षं या माणसाशी संसार केला. जेवायला समोर बसले, भांडले, त्यांच्या तापात उशाशी बसले. आणि तो ठिपका मला आत्ता दिसला. मी तिथेच रडायला लागले तेव्हा मात्र ते पुरते घाबरले.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, असं प्रत्येकाच्या डोळ्यात असतं, आणि एकाच माणसाचे दोन डोळेही सारखे नसतात. तेव्हापासून मी रस्त्याने चालते ती वेड्यासारखी लोकांकडे बघत. दूधवाला, बँकेतली बाई, बाकावर बसलेले म्हातारे. इतकं सगळं एवढ्याशा जागेत घेऊन माणसं हिंडतात आणि कुणाला पत्ता नाही. मी चोपन्न वर्षं कुठे बघत होते कोण जाणे.

जुन्या पाटीचा विषय लिहायला बसले होते. आज राहू दे.

ताई


१९ जानेवारी

धाकट्या,

आज एक कबुली द्यायचीय. खरं तर दोन.

मला आता ब्रश मिळालाय. कवची मास्तर घडवतात. डोळा म्हणजे गोटी असेल असं मला वाटायचं, पण ती पापणीमागे बसणारी पातळ वाटी असते. बुबुळ मी रंगवते. एक थर, वाळवायचा, त्यावर दुसरा, असे वीस-पंचवीस. पांढऱ्या भागातल्या शिरांसाठी लाल रेशमाचा धागा उसवून त्यातला एक तंतू चिमट्याने ठेवायचा. शेवटी वरून पारदर्शक थर चढवतात आणि घासून चकचकीत करतात. एकदा तो थर चढला की आत काही बदलता येत नाही.

माझं पहिलं खरं काम एका बेकरीवाल्याचं होतं. भट्टीतला निखारा उडून उजवा डोळा गेलेला. तीन दिवस मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. रंग असा जुळला की मास्तरसुद्धा दोनदा बघून गेले. आणि मग, वरचा थर चढायच्या आधी, माझ्या हाताने आपोआप एक गोष्ट केली. तुला कळलंच असेल. बाबांनी आपल्या दोघांनाही शिकवलं होतं, चेहरा पुरा झाला की सगळ्यात शेवटी बाहुलीवर पांढरा ठिपका टाकायचा. चमक. ती टाकली की पाटीवरचा माणूस जिवंत होतो. मी टाकली. वर डावीकडे, जिथे बाबा टाकायचे तिथेच.

मास्तरांनी डोळा बसवला आणि बेकरीवाल्याला खिडकीशी उभं केलं. छान दिसत होता. मग त्यांनी त्याचा हात धरून त्याला फिरवलं, बोळात नेलं, जिन्याखाली नेलं. मी मागोमाग. खऱ्या डोळ्यातला उजेड प्रत्येक वळणावर हलत होता, जिन्याखाली विझलाही. माझा ठिपका आपला जिथल्या तिथे लखलखतोय. मास्तर मला एवढंच म्हणाले, "बाई, डोळ्याला चमक आपण द्यायची नसते. तो जिथे जाईल तिथला उजेड त्याला मिळतो." बेकरीवाल्याला पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. तो बिचारा म्हणाला, माझीही पहिली भट्टी जळालीच होती. त्याच्या त्या समजूतदारपणाने मला जास्त लाज वाटली.

बाबांनी चुकीचं शिकवलं नव्हतं. पाटी भिंतीवर असते, ती कुठे जात नाही. माणूस जातो. जे तीस वर्षं बरोबर होतं ते एका खोलीतून दुसऱ्या खोलीत आल्यावर चूक ठरलं, आणि हे मान्य करायला मला तीन दिवस लागले. तुझ्या बाबतीत साडेनऊ वर्षं लागली.

ही दुसरी कबुली. तू म्हणाला होतास, हाताने रंगवलेल्या पाट्या आता कुणी घेणार नाही, ताई, छपाईचं मशीन घेऊ. मी म्हटलं, बाबांच्या दुकानात मशीन येणार नाही. मग तू समोरच्या छपाईवाल्याकडे नोकरीला लागलास आणि मी चारचौघांत म्हणाले की तू माझ्या पोटावर पाय दिलास. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी शिडी लावून दुकानाच्या पाटीवरचं तुझं नाव रंगाने झाकलं. तू रस्त्यापलीकडे उभा राहून बघत होतास. रंगाचा एक हात पुरला असता. खालचं जराही दिसू नये म्हणून मी दोन हात दिले, आणि पहिला वाळेपर्यंत शिडीवरून उतरले नाही. तू तोवर उभा होतास.

तीन वर्षांत दुकान बंद पडलं. तुझं बरोबर होतं. पण तुझं चुकलं असतं तरी मी ते करायला नको होतं. मला माफ कर म्हणायला जीभ वळत नाही, लहानपणापासून माफी तूच मागत आलास. तरी लिहिते. मला माफ कर.

ताई


८ जुलै

धाकट्या,

वर्ष झालं. माझे अकरा डोळे आता लोकांच्या चेहऱ्यांवर हिंडताहेत. त्यातला एक बेकरीवाल्याचा, दुसऱ्यांदा केलेला. मास्तर म्हणतात, आता लहान मुलाचं काम करायला हरकत नाही.

लोक मला विचारतात, या वयात नवीन धंदा, एवढी उमेद कुठून आणता? भावजी ऐटीत सांगतात, आमची बाई पहिल्यापासून आशावादी. कसली आशावादी रे, मी हट्टी आहे. पण एक खरं, रोज सकाळी त्या खोलीचं कुलूप काढायला मी अजून जवळजवळ धावतच जाते. कोण येईल, त्याच्या डोळ्यात काय निघेल. पाट्या रंगवायला जाताना असं कधी झालं नव्हतं, बाबा असते तर म्हटलं असतं, हे त्यांना सांगू नकोस.

आई सांगते, मुंगी आता साडेचार वर्षांची झाली आणि अजून हात काढत नाही. डावा हात दुसऱ्या कशाला मिळतच नाही म्हणून तो जरा बारीक राहिलाय असं तिकडच्या डॉक्टरांनी सांगितलं. हे ऐकल्यापासून मला राहवत नाही.

तिला घेऊन ये. मला माहीत आहे तुला माझं तोंड बघायचं नाही. तर असं करू. डोळा मास्तर करतील, त्यांचा हात माझ्यापेक्षा दहापट चांगला आहे. डोळा करायला तीन दिवस लागतात, तेवढ्यात मी दवाखान्यात पाऊल टाकणार नाही. लिहून देते. पण पोरीचा तो हात मोकळा होऊ दे.

ताई


२ ऑगस्ट

धाकट्या,

तुझा निरोप आईकडून मिळाला. बावीस तारखेला येताय, लॉजवर उतरणार, आणि डोळा मास्तरांनीच करायचा.

ठीक आहे. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, पण मीच तसं सुचवलं होतं. फक्त एक अडचण. त्या आठवड्यात मास्तरांना रंग घोटून द्यायला दुसरं कुणी नाही. मी कोपऱ्यातल्या टेबलावर भिंतीकडे तोंड करून बसेन, तुमच्याकडे पाठ असेल. चालत नसेल तर आईला फोन कर. फोन आला नाही तर मी चालतंय असं समजेन.

ताई


२७ ऑगस्ट

धाकट्या,

तू तिथेच होतास, तरी मी सांगणार आहे. कारण मी मुंगीकडे बघत होते आणि तू कुठे बघत होतास ते मला ठाऊक नाही.

मी दिल्या शब्दाप्रमाणे पाठ करून बसले होते. मागे मास्तर गोडीत म्हणताहेत, बाळ, हात काढ. वहिनी सांगतेय, तू सांगतोयस. खेळणी झाली, फुगा झाला, मुंगी ढिम्म. तासाभराने मास्तरांनी हात टेकले आणि तू म्हणालास, तिच्यावर जबरदस्ती नको, आपण परत जाऊ. तेव्हा माझ्या हातातला बत्ता थांबला. वर्षभराचं सगळं त्या एका वाक्यात संपलं असं वाटलं. तरी मी वळले नाही, हे तू पाहिलं असशील.

मग माझ्या कोपराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. काय करतेस, असा प्रश्न. रंग घोटते. कुणाचा? म्हटलं, तुझा. तिने बशीत वाकून बघितलं, तिला काही पटलं नाही. म्हणाली, आधी तुझा डोळा दाखव.

मी चष्मा काढला आणि खाली गुडघ्यांवर बसले, गुडघे कडकडा वाजले ते सगळ्यांनी ऐकले. ती इतकी जवळ आली की तिचा श्वास माझ्या गालाला लागत होता. आणि बघत राहिली. मास्तर बघतात तशी, घाई न करता. मग तुम्हा सगळ्यांकडे वळून तिने निकाल दिला:

"हिच्या डोळ्यात चिखल आहे."

तू हसलास. दहा वर्षांनी तुझं हसू ऐकलं मी, आणि तेही माझ्या डोळ्यातल्या चिखलावर. मी तिला विचारलं, आणि तुझ्या डोळ्यात काय आहे? तिलाही ते माहीत नव्हतं. मला नीट दिसावं म्हणून तिने उजव्या डोळ्याच्या पापण्या ताणल्या, वरची एका हाताने, खालची दुसऱ्या हाताने. दोन्ही हातांनी, धाकट्या. डावा डोळा सगळ्यांसमोर उघडा पडला आणि तिच्या ते गावीही नव्हतं.

मास्तरांनी ब्रश माझ्याकडे सरकवला आणि तुझ्याकडे पाहिलं. तू मान डोलावलीस म्हणे. मला ते त्यांनी नंतर सांगितलं.

पुढचे दोन दिवस मी त्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर होते. तेरावा डोळा माझा, पण असं कधी झालं नाही. तपकिरी आहे, पण ओल्या मातीसारखा खोल, आणि धागे एवढे दाट की पहिले सहा थर मी नुसती चाचपडत होते. खाली, घड्याळात सहा असतात तिथे, एक फिकट पाचर. चहाच्या रंगाची, निमुळती, बाहुलीपर्यंत गेलेली. ती माझ्याकडून साधेना. मास्तर म्हणाले, आईबापांपैकी कुणाच्या डोळ्यात आहे का बघा, मोठ्या डोळ्यात नीट दिसेल. वहिनीच्या डोळ्यात नव्हती. मग तुला खिडकीशी बोलावलं.

तू आलास आणि समोर बसलास. आधी छताकडे बघत होतास. मी म्हटलं, इकडे बघ. होती, तीच पाचर, त्याच जागी. पंचेचाळीस वर्षं तुझ्या डोळ्यात होती. तुला कडेवर घेऊन मी शाळेत गेलेय, तुझं तोंड धुतलंय, तुझ्या डोळ्यात गेलेलं कुसळ पदराच्या टोकाने काढलंय, आणि ती मी कधी पाहिली नव्हती. बाबांच्या डोळ्यात होती का, ते आता कुणाला विचारणार? मी किती वेळ बघत होते माहीत नाही. तू डोळे मिटले नाहीस, वळवलेही नाहीस. ते भरून आले तेव्हा पाचर दिसेनाशी झाली आणि आपल्याला थोडं थांबावं लागलं. वहिनी खिडकीबाहेर बघत होती, मास्तर उगाच एक बरणी पुसत होते.

तिसऱ्या दिवशी डोळा बसवला. आरशात मुंगीने एकदा पाहिलं आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही, तिला खाली उभा असलेला पाण्याचा टँकर बघायचा होता. ती खिडकीवर चढली आणि दोन्ही हातांनी गज धरून ओरडायला लागली, पप्पा, पाणी सांडतंय. दोन्ही डोळे टँकरवर होते. मी हाताने केलेला तो डोळा तिच्या डोळ्याबरोबर वळला, थोडा कमी, पण वळला. कसा वळतो ते मला माहीत आहे, मास्तरांनी शिकवलंय, आतल्या स्नायूंवर कवची नीट टेकली की तो वळतो. तरी माझा विश्वास बसेना. अजून बसत नाही.

निघताना मास्तरांनी तुम्हाला सांगितलं, की पोरीचा चेहरा वाढेल तसा डोळा लहान पडेल, म्हणून दर वर्षी यावं लागेल, नवीन करावा लागेल, अठरा वर्षांची होईपर्यंत. ही गोष्ट मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होती. एकाही पत्रात लिहिली नाही. तुला वाटलं असतं, ताई पोरीच्या आडून जाळं टाकतेय. आणि खरं सांगू, थोडंफार टाकतही होते.

तू दारात उभा होतास, मुंगी खांद्यावर पेंगत होती. तू हिशेब केलास, ओठ हलताना दिसले मला. आणि मग माझ्याकडे बघून म्हणालास,

"म्हणजे अजून तेरा वर्षं. ताई, तुझे हात टिकतील ना तोवर?"

मी ब्रश धुवायला वळले, तो धुतलेलाच होता. वळून बघते तर तुम्ही जिना उतरला होतात. उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून हे पत्र टाकतेय.

टिकतील रे. मी टिकवीन.

ताई